एस्तेरबाईंनी शिकवलेलं मतदान

दौंडला आमच्या गल्लीत एक घर गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे. दाराशी जास्वंदीचं झाड आहे, त्याला मी पाणी घालतो. गल्लीतली माणसं अजूनही पाहुण्याला पत्ता सांगताना 'बाईंच्या घराला लागून' असंच म्हणतात. बाई म्हणजे एस्तेरबाई वाघचौरे. त्या वारल्या, पण दौंडात नाही; घोड नदीच्या काठावरच्या एका खेड्यात, परक्या घरी. त्या तिकडे कशा काय पोचल्या, असं मला चहाच्या टपरीवर अजून विचारतात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं म्हणजे मलाही त्याचा नीट उलगडा झालेला नाही. जेवढं पाहिलं आणि ऐकलं, तेवढं लिहितो.

बाई मराठी ख्रिस्ती, जन्म शिरूरचा. पण शिरूर हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्या जुन्या नावानं 'घोडनदी' म्हणायच्या. एस.टी.तही घोडनदीचंच तिकीट मागायच्या आणि कंडक्टर नवा असला तर त्याला ते गाव सापडेपर्यंत हातात पैसे धरून शांत उभ्या राहायच्या. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. जन्मभर शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या पोरांना घरी शिकवलं. आमची मुलगी त्यांच्याकडेच शिकली.

त्यांच्या शिकवण्याबद्दल एकच तक्रार असायची. बाई उदाहरण देत नाहीत. मुलगी एकदा म्हणाली, "बाई, पृथ्वी संत्र्यासारखी असते ना?"

"पृथ्वी गोल आहे," बाई म्हणाल्या. "संत्रं खायचं असतं."

"आणि हृदय पंपासारखं?"

"हृदय हृदयासारखं असतं. पुढं वाच."

चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशात दाखले द्यायला लागले की बाई चष्मा पुसायला घ्यायच्या. त्यांचा चष्मा फार स्वच्छ असायचा. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "उदाहरण दिलं की माणूस उदाहरणच धरून बसतो, जगताप. सांगायचं ते बाजूलाच राहतं." मी तेव्हा कुरकुंभच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळत होतो. हे वाक्य मला इतकं आवडलं की कामगारांच्या ट्रेनिंगमध्ये मी ते माझं म्हणून दोन-तीनदा वापरलं. ते शहाणपण नसून चटका बसल्याची खूण होती, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या विधानसभेला गल्लीला जरा जास्तच कळा आली. एका पक्षाचे दोन झाले होते, दुसऱ्याचेही दोन झाले होते, आणि कोण कुणाच्या बाजूला हे रोज सकाळी पेपर उघडून पाहावं लागत होतं. फ्लेक्सवरचे सगळे नेते हात पुढे करून एकाच दिशेला बोट दाखवत होते. तिकडे आमच्या गल्लीचं गटार होतं.

अशात एक दिवस एक उमेदवार पदयात्रेनं आला. पुढं हलगी, मागं कार्यकर्ते, बाजूला दोघं मोबाईल उंच धरून चित्रण करणारे. जेसीबी गल्लीत शिरत नव्हता म्हणून उधळायची फुलं पोत्यातून आणली होती. गल्लीतला सगळ्यात जुना मतदार म्हणून त्याला बाईंच्या दाराशी आणण्यात आलं. तो पायांशी वाकला.

"आई, आशीर्वाद द्या."

"उठा आधी. मागच्या वेळी तुम्ही ज्यांच्यासाठी मत मागायला आला होतात, त्यांच्याच विरुद्ध उभे आहात ना?"

"आता आम्ही वेगळे झालो, आई."

"कशावरून?"

"विकासावरून."

"म्हणजे त्यांना विकास नको आहे?"

"तसं न्हाई. त्यांनाबी पाहिजे."

"मग?"

उमेदवारानं चित्रण करणाऱ्याकडे पाहिलं. तो चित्रण करतच होता. "आता बघा आई, जसं एका घरात दोन भाऊ—"

"जसं नको," बाई म्हणाल्या. "आहे ते सांगा."

उमेदवार गप्प झाला. भाषण संपलं असं समजून हलगीवाल्यानं हलगी वाजवायला घेतली आणि मिरवणूक पुढं सरकली.

हे सगळं मोबाईलवर संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरलं. विरुद्ध बाजूच्यांनी त्याखाली हसरी चित्रं लावली. मी बाईंना ते दाखवायला गेलो, तर त्यांनी मोबाईल बाजूला सारला आणि म्हणाल्या, "बसा. तुम्हाला हसू येतंय, मला नाही येत." मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडायची होती. बाई तेव्हा ऐन विशीत होत्या, घोडकाठच्या त्या खेड्यात शाळेवर नुकत्याच लागलेल्या. गावचे पाटील अपक्ष उभे राहिले. त्यांची खूण छत्री. पाटलांची बायको सोना, बाईंच्याच वयाची. गावात एकट्या राहणाऱ्या ख्रिस्ती मास्तरणीला ती हक्काची मैत्रीण मिळाली होती. संध्याकाळी दोघी विहिरीवर बसायच्या.

अडचण मतदानाच्या पद्धतीची होती. आधीच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर त्याचं चित्र. कागद हव्या त्या पेटीत टाकला की झालं. बायका पेटीवर फूलही ठेवून यायच्या. या वेळी पेटी एकच, कागदावर सगळ्यांची चित्रं, आणि एका चित्रावर शिक्का मारायचा. (लोकसभेचाही असाच कागद होता, पण त्यात गावाला रस नव्हता.) पुरुषांनी आपल्याला समजलं असं जाहीर केलं. बायकांना शिकवायचं काम पाटलांनी बाईंवर सोपवलं.

दिवस संक्रांतीचे होते. पाटलांच्या अंगणात हळदीकुंकू होतं आणि गावातल्या सगळ्या बायका आलेल्या. विधवा मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या, कारण सोनानं मतदानाचं ऐकायला त्यांनाही बोलावलं होतं. बाईंनी शाळेतल्या चार मुली ओळीनं उभ्या केल्या. प्रत्येकीच्या हातात पाटी, पाटीवर एक चित्र: छत्री, बैलजोडी, होडी, शिडी. आणि म्हणाल्या, "जसं कपाळाला कुंकू लावता, तसा चित्राला शिक्का लावायचा. कुणाला? छत्रीला." एक बाई पुढं आली, तिनं छत्रीवाल्या मुलीला कुंकू लावलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एवढं सोपं काम सरकारनं उगीच अवघड केलं होतं, असं सगळ्यांचं मत पडलं. तिळगूळ वाटला गेला. बायका उठायला लागल्या, तेवढ्यात सोनानं कुंकवाचा करंडा उचलला आणि उरलेल्या तिघी मुलींनाही कुंकू लावलं.

"मी पाहिलं," बाई मला म्हणाल्या. "मला वाटलं, पोरींचं कौतुक."

मतदान झालं. मोजणीला त्या गावच्या बायकांची पेटी उघडली, तर कागदामागून कागद असे की चारही चित्रांवर शिक्के, चांगले मधोमध, नीट मारलेले. आणि काही कागद अगदी कोरे. सगळे बाद. पाटील पडले. ते इतक्या फरकानं पडले की गावातल्या बायकांची मतं दोनदा मोजली असती तरी पडलेच असते. पण स्वतःच्या गावात, तेही बायकांच्या पेटीत हात पोळले, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. शेजारच्या गावची माणसं बाजारात विचारायची, "काय पाटील, औंदा चौघांनाबी वाण दिलं म्हनं तुमच्यात?"

बाईंनी बायकांना विचारलं. एक म्हणाली, "अवो बाई, चौघी वळीनं हुभ्या. एकीलाच लावायचं आन् तिघींना तसंच धाडायचं? संक्रांतीचं? असं कुठं आसतंय व्हय?" आणि पारूबाई नावाची एक विधवा होती, ती मान खाली घालून म्हणाली, "आमी न्हाई लावला, बाई. आमाला कसं चालंल? कागद तसाच सोडला पेटीत."

"मी जन्मात कधी कुंकू लावलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "लावतात, एवढं माहीत होतं. लावताना कुणाला वगळत नाहीत आणि कुणाकुणाला लावूच देत नाहीत, हे दोन्ही माझ्या ध्यानात आलं नाही. पारूबाईचं तोंड मला अजून दिसतं. मत देण्याचा धडा मी दिला आणि तिला मागं भिंतीलाच बसवून ठेवलं."

पाटलांनी शाळेच्या समितीला सांगितलं आणि बाईंना गाव सोडावं लागलं. जायच्या आदल्या दिवशी त्या पाटलांच्या घरी निरोप घ्यायला गेल्या, तर पाटील अंगणात ओरडले, "ह्या बाईनं माझा घात केला, हिला पुन्हा दारात हुभी करू नका." सोना दाराआड उभी होती. ती एक शब्द बोलली नाही.

"मला आता एकच गोष्ट कळायची राहिलीय," बाई म्हणाल्या. "सोनाला ठाऊक होतं का? ती समोर बसली होती. तिनं मला थांबवलं का नाही? आणि त्या तीन मुलींना कुंकू का लावलं? सवयीनं लावलं असेल, तर ती माझी मैत्रीण होती. जाणूनबुजून लावलं असेल, तर तिनं मला खड्ड्यात घातलं."

"पण स्वतःच्या नवऱ्याला ती कशाला पाडेल?" मी विचारलं.

"विहिरीवर म्हणायची ना. हे निवडून आले की मुंबईला जातील, तिकडंच राहतील, आणि मी इथं सासूच्या हाताखाली मरंन. तुझ्या देवाला सांग, ह्यांना पाड म्हणून. हसत म्हणायची. हसत म्हटलेलं किती खरं धरायचं, जगताप?"

"मग जाऊन विचारलं का नाही तिला? पाटील जाऊनसुद्धा जमाना झाला असेल."

"विचारायला गेले असते तर उत्तर मिळालं असतं ना," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी माझा फोन वाजला. पलीकडं वैभव नावाचा मुलगा, रांजणगावला कंपनीत कामाला. तो सोनाबाईंचा नातू होता. त्यानं आजीला करमणूक म्हणून तो व्हिडिओ दाखवला होता. आजी पडून असते, फारसं बोलत नाही. पण पडद्यावर 'जसं नको' म्हणणारा आवाज ऐकला आणि उठून बसली. "म्हणली, ही इस्तर हाय. हिला बोलवा. काका, कोण हाय वो ही इस्तर?" त्यानं दौंडमध्ये दहा जणांना विचारत माझा नंबर मिळवला होता.

बाईंनी निरोप ऐकला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी मत देऊ आणि जाऊ." दुसऱ्या दिवशी खळीचं पांढरं पातळ नेसून त्या रांगेत उभ्या राहिल्या, पण आमच्या केंद्रावरचं यंत्र सकाळीच रुसलं होतं. दुरुस्तीला माणूस निघालाय, असं सांगत होते. कुठून निघालाय हे कुणाला माहीत नव्हतं. "परत आल्यावर देऊ," बाई म्हणाल्या. चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. गाडीत मी विचारलं, "काय विचारणार तिला?" तर म्हणाल्या, "रस्त्याकडं बघा."

सोनाबाई पडवीत खाटेवर होत्या, अगदी वाळलेल्या, पण डोळे लखलखीत. भिंतीवर फेट्यातले पाटील. जन्मात एकदाच उभे राहून पडले होते, तरी फोटोखाली 'लोकनेते' असं लिहिलं होतं.

"आलीस व्हय?" सोनाबाई म्हणाल्या.

"आले."

"म्हातारी झालीस गं."

"तूही."

"मी तर कवाच. तुझ्यावानी हिंडाया येत न्हाई आता."

बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसल्या. नातसुनेनं चहा आणला. बाईंनी तो प्रश्न मनाशी घोकून आणला होता, हे मला दिसत होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत सोनाबाईच म्हणाल्या, "इस्तर, तुझी नोकरी माझ्यापायी गेली. दाराआड हुभी ऱ्हायले, बोलले न्हाई. मग कुठल्या तोंडानं येणार हुते तुझ्याकडं?"

"तुझ्यापायी? म्हणजे तू जाणूनबुजून—"

"मी? मी काय केलं? केलंस तू. माझ्यासाठी."

"मी काय केलं?"

"आता गं बया! पोरी वळीनं कुणी हुभ्या केल्या? मी म्हणले हुते ना विहिरीवर, ह्यांना पाड म्हणून सांग तुझ्या देवाला. आन् मग तू भर हळदीकुंकवात चार पोरी हुभ्या केल्यास. मला तवाच कळलं. म्हणलं, ही मास्तरीण लई पोचलेली. मग मीबी हळूच उरल्या तिघींना लावलं, बायांच्या ध्यानात यावं म्हणून. तू बघितलंस. बघून गप बसलीस."

"मला वाटलं, कौतुकानं लावलंस."

"कौतुकानं!" सोनाबाईंना हसता हसता ठसका लागला.

"सोना, मला ठाऊक नव्हतं. आमच्यात कुंकू नसतं."

"कुंकू नसतं, पर डोळं हुतं ना? किती सणाला माझ्याकडं आलीस. कवा कुणाला वगळलेलं बघितलंस?"

बाईंनी चष्मा पुसायला काढला आणि न पुसताच पुन्हा लावला. मग त्या म्हणाल्या, "नाही."

"मग?"

बाई माझ्याकडं वळल्या. "जगताप, म्हणजे मला ठाऊक होतं का हो?"

गल्लीतल्या कुठल्याही माणसाचं कुठलंही वाक्य 'म्हणजे नेमकं काय' म्हणून अडवणारी ही बाई, आणि आता स्वतःच्या डोक्यात तेव्हा काय होतं हे मला विचारत होती.

वैभव दारात उभा राहून ऐकत होता. "आजी, म्हंजी आजोबांना तू पाडलं?"

"गप रं. तुला काय कळतंय राजकारणातलं." सोनाबाई पुन्हा बाईंकडं वळल्या. "मालक पडले आन् गावातच ऱ्हायले. मळा केला. रोज सांजच्याला घरला यायचे. सासूबी मग वचकून वागली. माझा संसार झाला तो तुझ्यामुळं. आन् आता तू म्हणतीस चुकून झालं. एवढं मोठं कुठं चुकून हुतंय?"

पाटील तसेही पडणारच होते, त्या पेटीनं काही फरक पडला नव्हता, हे माझ्या अगदी ओठावर आलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी चहा प्यालो.

"चुकूनच झालं," बाई म्हणाल्या. आवाज मघासारखा ठाम नव्हता.

"न्हाई."

"मी खोटं बोलत नाही, सोना. जन्मात बोलले नाही."

"ह्या एका बाबतीत बोलतीस. बोल. माझं काय जातंय? मला म्हाईत हाय."

मी उठून बाहेर आलो. वैभवनं मला ऊस दाखवला, ठिबक दाखवलं, गावच्या केंद्रावर दोन्ही गटांनी एकाच मांडवात टेबलं टाकली होती तीही दाखवली. आतून दोघींचा आवाज येतच होता, कधी चढा, कधी हसण्याचा. ऊन उतरायला लागलं तसा मी घाईनं आत गेलो. खुर्ची रिकामी होती. सोनाबाई भिंतीकडं सरकल्या होत्या आणि त्यांनी करून दिलेल्या जागेत बाई चपला काढून खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या.

"बाई, निघायला पाहिजे. आपल्याकडचं मतदान बंद होईल."

"होऊ द्या," बाई म्हणाल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "सोना, नीट ऐक. पुन्हा पहिल्यापासून सांगते."

सोनाबाईंनी नातसुनेला हाक मारली आणि इस्तरच्या भाकरीचं पीठ मळायला सांगितलं.